पडद्यावर ‘-०.०’: फ्लोटचं चिन्ह तपासताना होणारे घोळ

द्राक्षाच्या हंगामात रात्री साडेअकराला फोन वाजला की तो शीतगृहातूनच असणार, हे आता आमच्या घरात सगळ्यांना पाठ झालंय. त्या रात्री पलीकडून ऑपरेटर विचारत होता, "साहेब, मशीन मायनस झिरो दाखवतंय. बरफ धरंल का मालाला?"

मी लॅपटॉप उघडला. चेंबर तीनच्या तापमानाचा आकडा ‘-०.०’ होता, दोन मिनिटांनी ‘०.०’ झाला, मग परत ‘-०.०’. शेजारचा निळा ठिपका, म्हणजे ‘शून्याखाली’, कधी आकड्याबरोबर पेटत होता, कधी नव्हता. निर्यातीची द्राक्षं शून्याच्या आसपासच ठेवतात, त्यामुळे तिथला पारा दोन-दोन महिने शून्याच्या उंबरठ्यावर बसलेला असतो. हे तापमान दाखवणारा आमचा कोड मात्र पुण्यातल्या ऑफिसात २७ अंशांवर तपासलेला. त्याला उणे चिन्ह कधी भेटलंच नव्हतं.

हा प्रश्न एकदा सोडवला की संपत नाही, वेगळं सोंग घेऊन परत येतो. आमच्याकडे एका हंगामात तो पाच वेगवेगळ्या जागी निघाला. ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने सांगतो, कारण दुसरी चूक पहिलीच्या दुरुस्तीतूनच जन्मली होती.

आकडा ‘-०.०’ दिसतो

कारण साधं आहे. खरी किंमत होती -०.०४. छापताना एकच दशांश मागितला. छापणारं फंक्शन आकडा ०.० करतं, पण चिन्ह मूळ संख्येचं ठेवतं. सी, पायथन, जावास्क्रिप्टचं टूफिक्स्ड, सगळीकडे -०.०४ चं एका दशांशाला ‘-०.०’ असंच होतं. यात भाषेची चूक नाही. ‘शून्याच्या किंचित खाली’ ही माहिती खरीच आहे, फक्त ऑपरेटरच्या उपयोगाची नाही.

मी रात्रीच दुरुस्ती टाकली. आधी संख्या एका दशांशाला राउंड करायची, आणि उत्तर शून्यापेक्षा कमी पण -०.०५ पेक्षा जास्त असेल तर शून्य लिहायचं. झोपलो. सकाळी परत ‘-०.०’.

दुरुस्तीची अट लागूच होत नाही

इथे खरी मेख आहे. पायथनमध्ये -०.०४ एका दशांशाला राउंड केलं की उत्तर शून्य येत नाही, उणे शून्य येतं. फ्लोटमध्ये, म्हणजे संगणक दशांश संख्या ज्या प्रकारात ठेवतो त्यात, ही खरोखरची वेगळी किंमत आहे. डबलमध्ये, म्हणजे ६४ बिटांच्या फ्लोटमध्ये, पहिला बिट चिन्हाचा, पुढचे ११ घातांकाचे, उरलेले ५२ अपूर्णांकाचे. बाकीचे ६३ बिट शून्य असले तरी पहिला बिट १ असू शकतो. तेच उणे शून्य.

आणि तुलना करताना उणे शून्य आणि साधं शून्य समान धरायची, हा आयट्रिपलई ७५४ या फ्लोटच्या मानकाचा नियम आहे. म्हणजे ‘-०.० < ०’ याचं उत्तर ‘नाही’. ‘-०.० == ०.०’ याचं उत्तर ‘हो’. माझी अट ‘शून्यापेक्षा कमी असेल तर’ अशी होती, ती उणे शून्याला पाहून शांत बसली. छापणारं फंक्शन मात्र चिन्हाचा बिट वाचतं, त्याने इमानेइतबारे उणे छापलं. तुलना एक सांगते, छपाई दुसरंच, आणि दोघंही नियमाने बरोबर.

काम करणारी दुरुस्ती दिसायला वेडगळ आहे: राउंड केलेली संख्या र धरली, तर ‘र जर ० असेल, तर र = ०’. उणे शून्य ‘० आहे का’ या परीक्षेत पास होतं आणि मग त्याच्या जागी साधं शून्य बसतं. दुसरी युक्ती म्हणजे राउंड केल्यावर ०.० मिळवणं. नेहमीच्या राउंडिंगमध्ये -०.० + ०.० चं उत्तर +०.० येतं. वजा करू नका, -०.० - ०.० हे -०.० च राहतं. पायथन ३.११ पासून फॉरमॅटमध्ये ‘झेड’ हा पर्याय आलाय, तो राउंड होऊन शून्य झालेल्या आकड्याचं उणे काढून टाकतो. ब्राउझरमध्ये आकडे छापायला इंटल नंबरफॉरमॅट वापरत असाल तर साइनडिस्प्लेला ‘निगेटिव्ह’ द्या. नाहीतर तो उणे शून्याचं ‘-०’ छापतो.

एक सावधगिरीची सूचना. ‘र ० असेल तर र = ०’ ही ओळ आमच्याकडे एका सहकाऱ्याने रिव्ह्यूमध्ये "हे काय?" म्हणून काढून टाकली होती. चूक त्याची नाही, मी वर एक ओळ टीप लिहिली नव्हती. आता लिहिली आहे. कंपायलरही असंच करू शकतो. जीसीसी या सी कंपायलरला फास्ट-मॅथचा, म्हणजे जलद गणिताचा, पर्याय दिला असेल तर शून्याचं चिन्ह महत्त्वाचं नाही असं धरून तो ०.० मिळवणं सरळ उडवू शकतो. लॅपटॉपवर चालतं आणि रिलीज बिल्डमध्ये नाही, असं झालं तर आधी कंपायलरचे पर्याय बघा.

जावास्क्रिप्टमध्ये गोंधळ आणखी मजेशीर. उणे शून्याची स्ट्रिंग (मजकूर) केली तर ‘०’, जेसॉन स्ट्रिंगिफाय केलं तर ‘०’, पण नोडच्या कन्सोलवर छापलं तर ‘-०’. टूफिक्स्डला थेट उणे शून्य दिलं तर उणे गायब, -०.०४ दिलं तर उणे हजर. पायथन मात्र जेसॉनमध्येही ‘-०.०’ लिहितो. आमचा गेटवे (सेन्सरचे आकडे पुढे पाठवणारा भाग) पायथनमध्ये आणि डॅशबोर्ड (ते पडद्यावर दाखवणारा) जावास्क्रिप्टमध्ये. त्यामुळे अर्धा दिवस मी आणि सहकारी एकमेकांना "तुझ्याकडून येतंय" असंच सांगत होतो.

-०.५ चं ०.५ दिसतं

ही सगळ्यांत घातक चूक, कारण इथे काही विचित्र दिसतच नाही. चेंबरच्या दारावरच्या छोट्या डिस्प्लेवर ०.५ होतं, डॅशबोर्डवर त्याच सेन्सरचं -०.५.

अशा डिस्प्लेमागे असतात त्या अर्डुइनोच्या छोट्या एव्हीआर बोर्डांवर स्प्रिंटएफ हे छापायचं फंक्शन मुळात फ्लोट छापत नाही, आकड्याच्या जागी प्रश्नचिन्ह देतो. मग सगळे एकच जुगाड करतात: पूर्णांक भाग वेगळा काढायचा, अपूर्णांक भाग दहाने गुणून वेगळा, आणि मध्ये टिंब. -३.५ ला हे चालतं, पूर्णांक भाग -३, पुढे ५. पण -०.५ चा पूर्णांक भाग काढला की ० येतो. साध्या पूर्णांकात उणे शून्य नसतंच, त्यामुळे चिन्ह तिथेच गळून पडतं. अपूर्णांक भागाचं चिन्ह आपण आधीच ‘अ‍ॅब्सोल्यूट’ करून काढलेलं असतं. उरतं ०.५. चूक फक्त ० ते -१ या एकाच अंशात होते, आणि आमचा धंदा नेमका त्याच अंशात.

उपाय: सर्वांत आधी चिन्ह बाजूला काढा, मग संख्या धन करा, मग तुकडे पाडा, आणि शेवटी चिन्ह स्ट्रिंगच्या पुढे चिकटवा. डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर असेल तर आणखी बरं, फ्लोटमध्ये जायचीच गरज नाही. तो तापमान १६ बिटांच्या पूर्णांकात देतो, एक पायरी म्हणजे ०.०६२५ अंश. -०.५ अंश म्हणजे -८. ती किंमत -८ म्हणून वाचा, चिन्ह न धरता ६५५२८ म्हणून नाही, नाहीतर डिस्प्लेवर ४०९५.५ अंश दिसतील. तसं दिसलं तर मात्र लगेच कळतं, म्हणून ती चूक मला प्रेमाची वाटते.

हाच घोळ अंश-मिनिट-सेकंद वाचणाऱ्या कोडमध्येही असतो. लंडनचा रेखांश साधारण उणे ० अंश ७ मिनिटं. फाइलमध्ये ‘-० ७ ३९’ असं लिहिलेलं असतं. ‘-०’ चा पूर्णांक केला की ०, आणि लंडन ग्रीनिचच्या पश्चिमेकडून उचलून पूर्वेला ठेवलं जातं. आपल्याकडच्या कोणाला हे चाचणीत सापडणं अवघड, कारण महाराष्ट्राचा रेखांश साधारण ७२ ते ८१ अंश पूर्व, अक्षांश १५ ते २२ अंश उत्तर. पुणे, नागपूर, रत्नागिरी, कुठलंही गाव घालून बघा, कोड शंभर टक्के बरोबर ठरतो.

सी लिहिणाऱ्यांसाठी याच घराण्यातली दोन भावंडं. ‘अ‍ॅब्स’ हे पूर्णांकांचं फंक्शन आहे, त्याला -०.५ दिलं तर ० मिळतो, फ्लोटला ‘फॅब्स’ लागतं. आणि सॉर्टिंगच्या तुलना-फंक्शनमधून ‘क - ख’ पूर्णांक करून परत पाठवू नका. फरक ०.३ असला तरी शून्य होतो आणि यादी अर्धवट लागते.

सेन्सर निघाला तरी ‘ठीक’

चौथा फोन दिवसा आला. फोर्कलिफ्टने केबल तोडली होती, आणि डॅशबोर्डवर त्या चेंबरसमोर हिरवं ‘ठीक’.

डीएस१८बी२० साठी सर्रास वापरली जाणारी अर्डुइनो लायब्ररी सेन्सर तुटला की -१२७ देते. ‘शून्यापेक्षा कमी’ एवढीच अट असेल तर तुटलेली वायर म्हणजे भयंकर थंडी. हे टाळायला आम्ही गेटवेवर -१२७ च्या जागी नॅन (‘ही संख्याच नाही’ असं सांगणारी फ्लोटमधली खास किंमत) टाकला होता, आणि तिथेच फसलो. नॅनची कुठलीही लहान-मोठी तुलना ‘नाही’ हेच उत्तर देते. ० पेक्षा कमी? नाही. ४ पेक्षा जास्त? नाही. मग ‘अन्यथा’मध्ये काय लिहिलंय? ‘ठीक’.

म्हणून ‘अन्यथा’मध्ये चांगली बातमी ठेवू नका. ‘० किंवा जास्त आणि ४ किंवा कमी’ असेल तरच ठीक, बाकी सगळं संशयास्पद. आणि चिन्ह बघण्याआधी नॅन आहे का ते बघा. नॅनलाही चिन्हाचा बिट असतो, पण त्याला अर्थ नाही. इंटेलच्या लॅपटॉपवर शून्य भागिले शून्य करून सीमधून छापलं तर लिनक्सवर बहुधा ‘-नॅन’ येतं, रास्पबेरी पायवर तोच कोड ‘नॅन’ देतो. तुम्ही चिन्हाचा बिट वाचून निर्णय घेत असाल तर दोन मशीनवर दोन निर्णय होतील. फास्ट-मॅथ इथेही नडतं. त्यात नॅन येणारच नाही असं कंपायलर धरून चालतो, त्यामुळे ‘नॅन आहे का’ ही तपासणीच उडू शकते.

मग चिन्ह बघायचं कशाने?

इथे मला वाटतं की बहुतेक लोक फंक्शन शोधायला आधी धावतात आणि प्रश्न नंतर ठरवतात. मीही तेच केलं. ‘ही संख्या ऋण आहे का’ या एका वाक्यात तीन प्रश्न लपलेले असतात आणि त्यांची उत्तरं शून्याजवळ वेगवेगळी येतात.

किंमत शून्यापेक्षा कमी आहे का, एवढंच हवं असेल तर साधं ‘< ०’ पुरतं. दहातल्या नऊ वेळा हेच हवं असतं, उणे शून्य त्यात शून्यासारखं वागतं आणि ते योग्यच आहे.

चिन्हाचा बिट लागलाय का, हे हवं असेल तर साइनबिट. सी आणि सी++ मध्ये ते आहे, गो भाषेत आणि पायथनच्या नमपायमध्येही आहे. पायथनच्या मॅथमध्ये साइनबिट मला तरी वापरायला लागलं नाही, कॉपीसाइनला १ आणि तुमची संख्या दिली की १ किंवा -१ मिळतं. जावास्क्रिप्टमध्ये ऑब्जेक्ट.इझ उणे शून्य वेगळं ओळखतं. सीमध्ये एक खाच आहे: साइनबिट ऋण संख्येला ‘शून्य नसलेलं काहीतरी’ देतं, १ च देईल असं नाही. ‘साइनबिट == १’ असं लिहिलंत तर एखाद्या मशीनवर ऋण संख्याही धन ठरेल. दोन संख्यांची साइनबिट उत्तरं थेट एकमेकांशी ताडू नका, आधी दोन्ही हो-नाहीमध्ये आणा. पॉइंटर वळवून फ्लोटचे बिट पूर्णांक म्हणून वाचायची जुनी युक्तीही सोडा. सीच्या नियमांत ती बसत नाही आणि ऑप्टिमायझर कधी दगा देईल सांगता येत नाही.

‘साइन’, ‘सिग्नम’ या नावांवर तर अजिबात विसंबू नका. उणे शून्य दिलं तर जावास्क्रिप्ट आणि जावा उणे शून्यच परत करतात, रस्ट ही भाषा -१ देते. जावामध्ये आणखी एक: साध्या डबलची ‘==’ तुलना दोन्ही शून्यं समान मानते, पण डबल ऑब्जेक्टचं ‘इक्वल्स’ वेगळी मानतं. हॅशमॅपमध्ये तापमान किल्ली म्हणून वापरलंत तर शून्याचे दोन कप्पे होतात. पायथनच्या डिक्शनरीत एकच होतो.

तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा: ही राशी प्रत्यक्षात ऋण आहे का? ०.३ मधून ०.२ आणि मग ०.१ वजा करा. कागदावर शून्य. डबलमध्ये सुमारे -२.८ × १०⁻¹⁷. साइनबिट म्हणेल ऋण, ‘< ०’ म्हणेल ऋण, आणि दोन्ही आपापल्या जागी खरं बोलतायत. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये पूर्ण फेडलेल्या खात्यावर ‘येणे -०.००’ दिसतं ते यातूनच. पैशासाठी फ्लोट वापरूच नका, पैसे पूर्णांकात मोजा. मोजमापांसाठी सहनमर्यादा ठरवा. डीएस१८बी२० ची अचूकता -१० ते ८५ अंशांत ±०.५ अंश आहे. म्हणजे ०.५ आणि -०.५ यांच्यामध्ये चिन्ह काय आहे हे सेन्सरलाच माहीत नसतं, आणि आपण त्याच्या दुसऱ्या दशांशावर निळा ठिपका पेटवत होतो. आता ठिपका -०.५ च्या खाली गेल्यावर पेटतो आणि ० च्या वर आल्याशिवाय विझत नाही. ठिपक्याची उघडझाप त्या दिवसापासून बंद.

गुणाकाराने चिन्ह ताडणं

पाचवा घोळ ऑपरेटरला दिसलाच नाही, पण मला दोन दिवस खाऊन गेला. कॅलिब्रेशनच्या स्क्रिप्टमध्ये एका समीकरणाचं मूळ शोधायला बायसेक्शन होतं, म्हणजे दर वेळी अंतर अर्धं करत मूळ ज्या अर्ध्यात आहे तिकडे जायचं. टोकांच्या क आणि ख या किमतींची चिन्हं वेगळी आहेत का हे बघायला ‘क × ख < ०’. पुस्तकातून जसंच्या तसं.

मूळ जवळ आलं की क आणि ख दोन्ही बारीक होतात. मायक्रोकंट्रोलरवर ३२ बिटांचा फ्लोट होता. अर्डुइनो उनोवर ‘डबल’ लिहिलं तरी ते ३२ बिटांचंच असतं. १०⁻³⁰ गुणिले -१०⁻³⁰ म्हणजे -१०⁻⁶⁰, आणि ३२ बिटांत सर्वांत लहान धन संख्या आहे सुमारे १.४ × १०⁻⁴⁵. गुणाकार मावत नाही, उत्तर उणे शून्य. आणि उणे शून्य < ० ? नाही. चिन्हं स्पष्टपणे विरुद्ध, तरी कोड म्हणतो सारखी, आणि चुकीच्या अर्ध्यात शिरतो. गुणाकार न करता ‘(क < ०) आणि (ख < ०) ही उत्तरं वेगळी आहेत का’ एवढंच विचारा. स्वस्तही पडतं.

उणे शून्य सरसकट मारू नका

हे सगळं वाचून कोणी प्रत्येक फंक्शनच्या तोंडाशी ०.० मिळवायला निघेल, म्हणून सांगतो. उणे शून्य चुकून राहिलेलं नाही. १९८५ साली मानक आलं तेव्हा ते विचारपूर्वक ठेवलं गेलं. मानकाचे मुख्य शिल्पकार विल्यम काहान, १९८९ चे ट्युरिंग पुरस्कार विजेते, यांनी शून्याच्या चिन्हाची बाजू हिरिरीने मांडली आहे. शून्याकडे कुठल्या बाजूने आलो ही आठवण त्या बिटात राहते. एटॅन२ या कोन काढणाऱ्या फंक्शनला (०, -१) दिलं तर +π, (-०, -१) दिलं तर -π. वाऱ्याच्या दिशेची सरासरी काढताना चिन्ह खोडलंत तर कोन एका बाजूला चिकटतो. विमानतळांच्या मेटार हवामान संदेशात ‘एम००’ असं लिहितात, म्हणजे तापमान राउंड होऊन शून्य झालंय, पण आहे शून्याच्या खाली. धावपट्टीवर बर्फ धरेल का हे बघणाऱ्याला तेवढा एक ‘एम’ पुरतो.

आमच्या ऑपरेटरने नेमका तोच प्रश्न विचारला होता. म्हणून उणे फक्त पडद्यावर काढलं, साठवलेली किंमत तशीच ठेवली.

चाचणीच्या फाइलीत आता या किमती कायम आहेत: ०.०, -०.०, -०.०४, -०.०५, -०.५, -१.०, नॅन, दोन्ही अनंत, आणि -१२७. उणे शून्य लिहिताना भाषेकडे बघा. सी आणि पायथनमध्ये नुसतं ‘-०’ लिहिलं तर तो पूर्णांक शून्य असतो, ‘-०.०’ लिहावं लागतं. गोमध्ये ‘-०.०’ लिहूनही साधं शून्यच मिळतं, तिथे कॉपीसाइनला ० आणि -१ द्यावे लागतात. माझी गो भाषेतली चाचणी पहिला आठवडाभर हिरवी (पास) होती ती याच कारणाने.

जुन्या नोंदींचं तेवढं राहिलं. दारावरच्या डिस्प्लेचा बोर्ड एसडी कार्डावर तेच तुकडे पाडलेले आकडे लिहीत होता, त्यामुळे हंगामाच्या सुरुवातीच्या नोंदींत -०.५ आणि ०.५ एकच झालेत. कच्चे १६ बिट तिथे साठवले नव्हते. त्या रकान्यापुढे ‘चिन्ह अविश्वसनीय’ असा शेरा मारून फाइल बंद केली, आणि आता प्रत्येक नोंदीबरोबर कच्चा पूर्णांकही लिहितो.